इस्रायल-पॅलेस्टाईन शांततेचा प्रस्ताव कसा वाचायचा, आणि वाचून झाल्यावर काय करायचं

दर काही वर्षांनी तो फोटो येतो. मागे झेंडे, समोर टेबल, दोन नेते हात मिळवतायत आणि मधे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. १९७९ ला आला, १९९३ ला आला, आणि प्रत्येक वेळी मनापासून वाटतं की सुटलं बाई एकदाचं, आणि मग काही वर्षांत परत बसमधले स्फोट, परत रणगाडे, परत पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लहान मुलं. मी बरीच वर्षं या करारांचे मूळ मजकूर काढून वाचतेय, कारण बातमीत येतं ते आणि कागदावर असतं ते यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं हे एकदा कळलं की नुसत्या बातमीवर समाधान होत नाही. वाचता वाचता एक पद्धत बसत गेली, ती इथे लिहितेय. त्यासाठी वकील असावं लागत नाही. मजकूर इंटरनेटवर फुकट मिळतात, मुख्य भाग सहसा थोड्याच पानांचा असतो, एक पेन्सिल आणि एक संध्याकाळ पुरते.

माझी भूमिका आधीच सांगते म्हणजे पुढचं कुठून येतंय ते कळेल. जॉर्डन नदी ते भूमध्य समुद्र या चिंचोळ्या पट्ट्यात आज साधारण ७० लाख ज्यू आणि जवळपास तेवढेच पॅलेस्टिनी राहतात. यातलं कुणी उठून जाणार नाहीये, आणि कुणाला उठवलं जाऊ पण नये. जी शांतता एकाला घर देते आणि दुसऱ्याला फक्त परवाना देते ती टिकत नाही, आणि जी एकाला न्याय देते पण दुसऱ्याला रात्रीची झोप देत नाही ती पण टिकत नाही. प्रस्ताव कुणीही आणू दे, मी हे दोन्ही शोधते.

आधी घड्याळ शोधा

पहिलं काम म्हणजे मजकुरातल्या सगळ्या तारखा आणि मुदती यांच्याखाली रेघ मारा. मग प्रत्येक मुदतीसमोर तीन गोष्टी लिहा: हे घड्याळ कधी सुरू होतं, सुरू करायचं कुणाच्या हातात आहे, आणि वेळ संपली तरी काम झालं नाही तर पुढे काय. माझ्या मते सगळ्या पद्धतीत हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि का ते एकाच उदाहरणात दिसतं.

सप्टेंबर १९७८ मधे कॅम्प डेव्हिडला इजिप्तचे सादात, इस्रायलचे बेगिन आणि अमेरिकेचे कार्टर १३ दिवस बसले आणि त्यातून दोन वेगळे कागद निघाले. एक इजिप्त आणि सिनाईबद्दल, दुसरा वेस्ट बँक आणि गाझाबद्दल. सिनाई, वेस्ट बँक आणि गाझा हे तीनही भाग इस्रायलने १९६७ च्या युद्धात घेतले होते. माणसं तीच, जागा तीच, दिवस तोच. सिनाईच्या कागदावरून पुढे २६ मार्च १९७९ ला करार झाला, त्यात सैन्य तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने कुठल्या रेषेपर्यंत मागे जाणार हे नकाशासकट लिहिलं होतं, आणि २५ एप्रिल १९८२ ला ते खरंच पूर्ण झालं. यामित नावाची वस्ती इस्रायलने स्वतःच्याच सैनिकांकडून रिकामी करून पाडली, तिथले लोक छपरावर चढून बसले होते तरीसुद्धा. शेवटी ताबा नावाचा एक चिमुकला किनारा वादात राहिला, तो लवादाकडे गेला, १९८८ मधे निकाल इजिप्तच्या बाजूने लागला आणि इस्रायलने १९८९ मधे तो परत दिला. मधल्या काळात सादात यांची हत्या झाली, शेजारी युद्धं झाली, तरी तो करार आजपर्यंत मोडलेला नाही.

आता दुसरा कागद. त्यातही मुदत होती, पॅलेस्टिनी लोकांसाठी ५ वर्षांची स्वायत्तता आणि त्या काळात अंतिम बोलणी. पण ही ५ वर्षं मोजायची कधीपासून, तर तिथलं स्वायत्त प्राधिकरण स्थापन झाल्यापासून, आणि ते स्थापन कधी होणार त्याला तारीखच नव्हती, शिवाय ज्यांच्याबद्दल हे सगळं लिहिलं जात होतं ते पॅलेस्टिनी टेबलावर नव्हतेच. ते घड्याळ कधी सुरूच झालं नाही.

१९९३ मधे इस्रायल आणि पीएलओ ही पॅलेस्टिनी संघटना यांच्यात ओस्लो करार झाला, त्या वेळी घड्याळ सुरू झालं, मे १९९४ पासून ५ वर्षं, आणि सगळे अवघड विषय म्हणजे जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (१९६७ मधे घेतलेल्या जमिनीवर बसवलेल्या इस्रायली वस्त्या), सुरक्षा, सीमा हे शेवटच्या बोलणीसाठी राखून ठेवले. त्यामागचा विचार वाईट नव्हता, आधी सोप्या गोष्टी करू म्हणजे विश्वास वाढेल असं दोन्हीकडच्या चांगल्या माणसांना वाटलं होतं. पण ४ मे १९९९ उजाडला आणि मावळला, आणि मुदत चुकल्यावर काय करायचं ते कागदात कुठेच नव्हतं, म्हणून 'तात्पुरती' व्यवस्था तशीच चालू राहिली, आज ३० वर्षं होऊन गेली तरी वेस्ट बँक त्याच तात्पुरत्या व्यवस्थेवर चाललंय. विश्वास वाढायच्या ऐवजी त्या रिकाम्या वेळात दोन्हीकडच्या शांतता नको असलेल्या लोकांना काम करायला मोकळं रान मिळालं.

हीच पेन्सिल घेऊन आता नोव्हेंबर २०२५ चा सुरक्षा परिषदेचा ठराव २८०३ वाचा, गाझासाठीचा. त्यात गाझाचा कारभार बघणाऱ्या बोर्ड ऑफ पीसला आणि आंतरराष्ट्रीय फौजेला ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे, स्पष्ट तारीख. आणि पॅलेस्टिनी स्वयंनिर्णय आणि राष्ट्राबद्दल काय आहे? पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या (म्हणजे ओस्लोतून उभ्या राहिलेल्या पॅलेस्टिनी स्वायत्त सरकारच्या) सुधारणा प्रामाणिकपणे झाल्या आणि गाझाची पुनर्बांधणी पुढे सरकली की त्यासाठीच्या विश्वासार्ह वाटेला लागणारी परिस्थिती तयार होऊ शकेल. होऊ 'शकेल'. सुधारणा झाल्या असं कोण ठरवणार ते नाही, तारीख नाही. युद्धबंदी झाली, ओलीस घरी आले, हे फार मोलाचं आहे आणि मी ते अजिबात कमी लेखत नाही, पण रेघा मारून बघितलं की कुठल्या भागावर लक्ष ठेवून ओरडत राहायला लागणार आहे ते लगेच कळतं.

मग शब्द

घड्याळ झालं की मजकूर दुसऱ्यांदा वाचायचा, यावेळी हळू, कोण कुणाला काय देतंय आणि नेमक्या कुठल्या शब्दांत. ९ सप्टेंबर १९९३ ची दोन पत्रं काढा, छोटीच आहेत. पीएलओचे नेते अराफत यांचं पत्र इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना लिहिलंय, त्यात पीएलओ इस्रायलच्या शांततेत आणि सुरक्षित अस्तित्वात राहण्याच्या हक्काला मान्यता देते, दहशतवाद सोडते, आपल्या सनदेतली कलमं रद्दबातल मानते. राबिन यांचं उत्तर तीन-चार ओळींचं आहे, त्यात इस्रायल पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचा प्रतिनिधी मानतो आणि बोलणी सुरू करेल एवढंच. एका बाजूने राष्ट्राला मान्यता, दुसऱ्या बाजूने बोलायला समोर बसणाऱ्या संघटनेला मान्यता. त्या काळात हे सुद्धा खूप मोठं धाडस होतं, राबिन यांना पुढे त्याची किंमत जिवाने मोजावी लागली, पण दोन पत्रं शेजारी ठेवली की वजन सारखं नाही हे लहान मुलालाही दिसेल.

१९६७ च्या युद्धानंतरचा ठराव २४२ तर एका शब्दावर ५० वर्षांहून जास्त काळ अडकलाय. इंग्रजी मजकुरात इस्रायलने युद्धात घेतलेल्या 'प्रदेशांतून' माघार घ्यावी असं आहे, पण प्रदेश या शब्दाआधी 'द' नाही, म्हणून इस्रायलचं म्हणणं की सगळ्या प्रदेशांतून असं कुठे लिहिलंय. फ्रेंच मजकूर वाचला तर 'त्या प्रदेशांतून' असाच अर्थ लागतो, अरब देश म्हणतात सगळ्या म्हणजे सगळ्या. त्यावेळी मुद्दाम असं ठेवलं गेलं म्हणजे सगळ्यांना होकार देता येईल. तेव्हा प्रस्तावात कुठेही गुळमुळीत शब्द दिसला की गोल करा, कारण आज ज्या शब्दामुळे दोघं सही करतात त्याच शब्दावर उद्या भांडण होतं.

नावांचं पण बघा. वेस्ट बँक म्हटलंय का जुडिया आणि समारिया, टेंपल माउंट का हराम अल-शरीफ, हेब्रॉन का अल-खलील, १९४८ ला स्वातंत्र्ययुद्ध म्हटलंय का नकबा, म्हणजे अरबीत 'महासंकट'. कुठलं नाव बरोबर यावर वाद घालत बसू नका, फक्त बघा की मजकूर लिहिणाऱ्याला दुसरं नाव अस्तित्वात आहे हे माहीत तरी आहे का. बाकी रोजच्या बोलण्यात हे दोन समाज आपल्याला वाटतं तेवढे वेगळे नाहीत, इस्रायली माणूस दिवसभर हिब्रूत 'यल्ला' म्हणत असतो जो अरबी शब्द आहे, आणि पॅलेस्टिनी माणूस अरबीत बोलताना चेकपॉइंटला 'महसोम' म्हणतो जो मुळात हिब्रू. शब्द कुठल्या वाटेने आले ते बघितलं तरी बरंच कळतं.

नकाशा मागा, टक्केवारीवर विश्वास ठेवू नका

प्रस्तावात नकाशा नसेल तर तो प्रस्ताव अर्धाच आहे असं समजा. टक्के ऐकायला छान वाटतात. डिसेंबर २००० मधे क्लिंटन यांनी दोन्ही बाजूंसमोर मुद्दे ठेवले त्यात वेस्ट बँकचा ९४ ते ९६ टक्के भाग पॅलेस्टिनी राष्ट्राला आणि वर १ ते ३ टक्के जमिनीची अदलाबदल असं होतं, आणि खरं सांगायचं तर ते आत्तापर्यंतच्या चांगल्या मुद्द्यांपैकी एक होते. पण उरलेले ४-६ टक्के नेमके कुठे आहेत, ते कुठल्या रस्त्यावर, कुठल्या विहिरीवर, दोन शहरांच्या मधल्या कुठल्या बोळात आहेत यावर सगळं अवलंबून असतं. घराचा ९५ टक्के भाग तुमचा पण दारं आणि जिना दुसऱ्याचा असेल तर त्या घरात राहायचं कसं.

१९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने वेस्ट बँकचे ए, बी, सी असे तीन भाग केले. ए मधे म्हणजे मुख्य शहरांत पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा कारभार, तो साधारण १८ टक्के, बी मधे नागरी कारभार पॅलेस्टिनी आणि सुरक्षा इस्रायलकडे, साधारण २२ टक्के, आणि सी मधे सगळंच इस्रायली लष्कराकडे, साधारण ६० टक्के. ऐकताना तीन पट्टे डोळ्यासमोर येतात, पण प्रत्यक्ष नकाशा उघडला की ए आणि बी हे समुद्रातल्या बेटांसारखे शंभराहून जास्त तुकडे दिसतात आणि सी हा मधला समुद्र. एका गावातून पुढच्या गावात जायचं तर समुद्र ओलांडायचा, आणि त्यात महसोम. हा नकाशा एकदा तरी मोठा करून बघाच.

त्यात वसाहतींचा मुद्दा येतो. १९९३ मधे ओस्लोवर सह्या झाल्या तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकमधे साधारण १ लाख १० हजार इस्रायली वसाहतवाले होते, आज तो आकडा ५ लाखांच्या आसपास आहे. ज्या जमिनीवर बोलणी चालू होती तीच जमीन बोलणी चालू असताना भरत गेली. त्याच जमिनीवर वसाहतीतल्या माणसाला इस्रायलचा नागरी कायदा आणि शेजारच्या पॅलेस्टिनी माणसाला लष्करी कोर्ट. म्हणून कुठल्याही प्रस्तावात बघायचं की बोलणी चालू असतानाच बांधकाम थांबवायचं कलम आहे का, आणि आहे तर ते तपासणार कोण. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ च्या सल्लागार मतात १९६७ पासूनचा हा ताबा बेकायदेशीर आहे आणि लवकरात लवकर संपवला पाहिजे असं सांगितलंय, ते पण वाचून ठेवा, बोलताना कामी येतं.

तीन दारांत उभं राहून बघा

कागदाचं काम झालं की डोळे मिटून तीन ठिकाणी उभं राहायचं आणि विचारायचं की या प्रस्तावानंतर वर्षभराने इथे सकाळी काय वेगळं होईल.

पहिलं दार स्देरोतमधलं. गाझाच्या सीमेजवळचं इस्रायली गाव, सायरन वाजला की रॉकेट पडेपर्यंत १५ सेकंद मिळतात. बस स्टॉप काँक्रीटचे आहेत, आत धावत जाऊन बसता यावं म्हणून. मुलांच्या बागेत रंगवलेले मोठे सुरवंट आहेत, ते पण काँक्रीटचे पोकळ बोगदे आहेत, खेळताना सायरन झाला तर मुलांनी सुरवंटाच्या पोटात शिरायचं. इस्रायलने २००५ मधे गाझातून सगळ्या म्हणजे २१ वसाहती आणि सैन्य काढून घेतलं, पण समोर कुणाच्या हातात किल्ली द्यायची याचा करार न करता एकतर्फी, २००७ मधे तिथे हमासने ताबा घेतला, आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने याच भागात सुमारे १,२०० माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास माणसं ओलीस नेली. या दारातल्या आईला 'सैन्य मागे घ्या' एवढंच सांगून चालणार नाही. तिच्या मुलांना सुरवंट नुसता खेळायला मिळेल याची हमी कोण देणार, ते नाव प्रस्तावात लागतं.

दुसरं दार जय्यूसचं, वेस्ट बँकमधे कल्कील्याजवळचं शेतकऱ्यांचं गाव. २००२ पासून इस्रायलने जी भिंत-कुंपण बांधायला घेतलं त्याचा बराचसा मार्ग १९४९ च्या युद्धबंदी रेषेवर म्हणजे ग्रीन लाइनवर नाही, वेस्ट बँकच्या आतून जातो, आणि जय्यूसची बरीचशी शेती आणि विहिरी कुंपणापलीकडे गेल्या. स्वतःच्या ऑलिव्हच्या झाडांपर्यंत जायला परवाना लागतो, कुंपणाला शेतीचं फाटक आहे ते ठरावीक वेळीच उघडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्ह उतरवायची घाई असते, आणि शेतकरी शिडी, ताडपत्री घेऊन फाटकाशी सैनिकाची वाट बघत उभा. परवाना म्हाताऱ्या बापाला मिळतो आणि मुलाला नाही असंही होतं, मग शिडीवर चढणार कोण. प्रस्तावात 'मुक्त संचार' असा शब्द असेल तर या फाटकाचं काय होतं ते शोधा. फाटक जातं का नुसती वेळ वाढते?

तिसरं दार गाझातलं, पण तिथे बहुतेकांना दारच उरलेलं नाही. ३६५ चौरस किलोमीटरमधे वीस लाखांहून जास्त माणसं, त्यातली बहुसंख्य आधीच १९४८ च्या निर्वासितांची मुलं-नातवंडं, आणि २०२३ नंतरच्या युद्धात जवळजवळ सगळेच पुन्हा एकदा, कित्येक तर दहा-दहा वेळा, विस्थापित झाले. गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदींप्रमाणे ७०,००० हून जास्त माणसं गेली. इथे उभं राहून विचारायचं की सिमेंट आत यायला कुणाची सही लागणार, आजारी माणूस बाहेर कसा जाणार, आणि माझं घर कुठे बांधायचं हे ठरवणाऱ्या टेबलावर माझं माणूस आहे का.

एखादा प्रस्ताव एका दारात छान दिसतो आणि दुसऱ्या दारात त्याचा काहीच उपयोग नसतो. तीनही दारांत थोडा तरी फरक पडत असेल तरच मी पुढे वाचते.

निर्वासितांचा प्रश्न वगळून पुढे जाऊ नका

इथे बहुतेक लोक पान उलटतात कारण हा विषय अशक्य वाटतो. १९४८ मधे सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी घराबाहेर पडले किंवा काढले गेले, आज युएनआरडब्ल्यूए या संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संस्थेकडे नोंदलेले निर्वासित सुमारे ५९ लाख आहेत, कित्येक घरांत अजून जुन्या घराची लोखंडी किल्ली जपून ठेवलेली असते. इस्रायली ज्यूंना वाटतं की सगळे परत आले तर जगातलं आपलं एकमेव राष्ट्र हातातून जाईल, आणि त्यांच्यातल्या कित्येकांचे आजी-आजोबा स्वतः इराक, येमेन, मोरोक्को, इजिप्तमधून घरदार सोडून आलेले आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मला हा प्रश्न आकड्यांतून कधीच कळला नव्हता, इक्रित नावाच्या एका गावामुळे कळला. इस्रायलच्या उत्तरेला, लेबनॉनच्या सीमेजवळ, अरब ख्रिश्चनांचं छोटं गाव. १९४८ च्या शेवटी इस्रायली सैन्य आलं तेव्हा गावाने लढाई केली नाही. त्यांना सांगितलं गेलं की सीमेवर धोका आहे, दोन आठवडे दुसरीकडे जा, मग परत या. दोन आठवडे झाले, परत येऊ दिलं नाही. गावकरी कोर्टात गेले, ते इस्रायलचे नागरिक होते, आणि जुलै १९५१ मधे इस्रायलच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सैन्याने गावातली घरं उडवून दिली. फक्त चर्च राहिलं. पुढे त्यांना तिथे आपली माणसं पुरायची परवानगी मिळाली, म्हणजे इक्रितचा माणूस मेल्यावर गावात परत येऊ शकतो, जिवंतपणी राहायला नाही. २०१२ पासून तिसऱ्या पिढीतली पोरं चर्चशेजारी तंबू-शेड टाकून राहायचा प्रयत्न करतायत.

यात ना सुरक्षेचा प्रश्न आहे ना लोकसंख्येचा, काही शे माणसांचं गाव, देशाचेच नागरिक, कोर्टाचा निकाल हातात. म्हणून मला वाटतं की न्यायाच्या बाबतीत कुठलं सरकार किती गंभीर आहे हे बघायचं असेल तर इक्रितपासून सुरुवात करावी. मोठ्या प्रश्नासाठी वाटा आहेत, क्लिंटन यांच्या मुद्द्यांत पाच दिल्या होत्या: नव्या पॅलेस्टिनी राष्ट्रात परत येणं, अदलाबदलीत मिळालेल्या जमिनीवर वसणं, आहे त्या देशात हक्काने राहणं, तिसऱ्या देशात जाणं, आणि काहींना इस्रायलमधे प्रवेश. प्रस्तावात बघायचं ते हे, की निवड निर्वासिताची स्वतःची आहे का, भरपाईला पैसा कुठून येणार ते लिहिलंय का, आणि झालं ते चुकीचं झालं असं कुणी मोठ्याने म्हणायचं कलम आहे का. पैसे देऊन मान्य न करणं याला कुणी न्याय म्हणत नाही, आपल्या घरातल्या भांडणातही म्हणत नाही.

जेरुसलेमचं थोडक्यात. जुनं शहर एक चौरस किलोमीटरसुद्धा नाही, आणि खरा जीव त्यातल्या एका टेकडीवर आहे, तीच ती टेंपल माउंट किंवा हराम अल-शरीफ. तिथला कारभार जॉर्डनशी जोडलेल्या इस्लामी वक्फकडे आहे आणि ठरलेला रिवाज असा की मुसलमानांनी तिथे नमाज पढायचा, बाकीच्यांनी भेट द्यायची, ज्यूंनी खाली पश्चिमी भिंतीपाशी प्रार्थना करायची. हा रिवाज हलला की आग लागते. प्रस्ताव या टेकडीबद्दल काय म्हणतो ते बघाच, आणि काहीच म्हणत नसेल तर तेही लिहून ठेवा.

पाणी पण विसरू नका. वेस्ट बँकच्या डोंगराखालचं पाणी दोघांचं, पण वाटप अजून १९९५ च्या त्याच 'तात्पुरत्या' आकड्यांवर चालतं. वेस्ट बँकमधे लांबून घर बघितलं तर पॅलेस्टिनी घर कुठलं ते गच्चीवरच्या टाक्यांवरून ओळखता येतं, कारण नळाला रोज पाणी नसतं.

बिघडवणाऱ्यांसाठी कलम आहे का

हे लोक विसरतात. २५ फेब्रुवारी १९९४ ला बारुख गोल्डस्टाइन नावाच्या वसाहतवाल्याने हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. एप्रिलपासून हमासचे बसमधले आत्मघाती स्फोट सुरू झाले. ४ नोव्हेंबर १९९५ ला तेल अवीवमधे शांतता सभा संपवून निघालेल्या राबिन यांना यिगाल आमिर या ज्यू तरुणाने मारलं. २००२ मधे अरब देश बैरुतला जमून इस्रायलला पूर्ण मान्यता द्यायचा प्रस्ताव मांडत होते, तोवर २७ मार्चला नेतान्याच्या हॉटेलात सणाच्या जेवणाला बसलेली ३० माणसं हमासच्या स्फोटात गेली, आणि तो प्रस्ताव लोकांच्या कानापर्यंत पोचलाच नाही. यात नशिबाचा भाग नाही, शांतता जवळ आली की तिला मारणारे नेमके तेव्हाच बाहेर पडतात.

तेव्हा चांगल्या प्रस्तावात लिहिलेलं असतं की हल्ला झाला तर दुसऱ्या दिवशी काय, कोण कुणाला फोन करणार, तपास कोण करणार, आणि मुख्य म्हणजे ठरलेल्या तारखा थांबणार नाहीत. नाहीतर एका बंदुकवाल्याच्या हातात सगळ्या कराराचा ब्रेक जातो. सिनाईत १९८२ पासून बहुराष्ट्रीय निरीक्षक दल उभं आहे, आजही. असा कुणीतरी तिसरा जागेवर लागतो.

एक राष्ट्र, दोन राष्ट्रं, का दोन राष्ट्रांचा संघ यावर लोक तासन्‌तास भांडतात. मला स्वतःला दोन राष्ट्रं आणि मधली सीमा उघडी ही कल्पना पटते, इस्रायली आणि पॅलेस्टिनी मिळून काही जण 'अ लँड फॉर ऑल' या नावाने ती मांडतायत. पण कुठलाही आराखडा आणा, वरचे सगळे प्रश्न त्याला तसेच विचारायचे. आराखड्याच्या नावावरून त्याला पास किंवा नापास करू नका.

वाचून झालं, आता करायचं काय

आपण लांब बसून करार लिहू शकत नाही हे खरं, पण जी माणसं तिथे राहून हे काम करतायत त्यांना एकटं पडू न देणं हे आपल्याला जमतं. १९९५ पासून पेरेंट्स सर्कल नावाची संघटना आहे, तिच्यात येण्याची अट ही की या संघर्षात तुमचं जवळचं माणूस गेलेलं असलं पाहिजे. सहाशेहून जास्त घरं आहेत, दोन्हीकडची. रामी एल्हानन यांची १३ वर्षांची मुलगी स्मादार १९९७ मधे जेरुसलेममधल्या स्फोटात गेली, बस्साम अरामीन यांची १० वर्षांची मुलगी अबीर २००७ मधे अनातामधे शाळेबाहेर इस्रायली सीमा पोलिसाच्या रबरी गोळीने गेली. हे दोन बाप एकत्र शाळाशाळांतून, गावागावांतून बोलतात, एकमेकांना भाऊ म्हणतात. त्यांची बोलणी ऑनलाइन ऐकायला मिळतात, मी तर म्हणेन करार वाचायच्या आधी तीच ऐका.

विमेन वेज पीस या संघटनेतल्या इस्रायली बायकांनी आणि विमेन ऑफ द सन या संघटनेतल्या पॅलेस्टिनी बायकांनी ४ ऑक्टोबर २०२३ ला जेरुसलेमला आणि मृत समुद्राकाठी एकत्र येऊन 'आयांची हाक' दिली. तीन दिवसांनी हल्ला झाला, त्यांच्यातल्या व्हिव्हियन सिल्व्हर, ज्या कित्येक वर्षं गाझातल्या आजारी माणसांना इस्रायलमधल्या दवाखान्यांत पोचवायचं काम करायच्या, त्या बेएरीतल्या आपल्या घरी मारल्या गेल्या. दोन्ही संघटना अजून काम करतायत. २०२४ मधे गाझाला मदत नेणारे ट्रक काही इस्रायली जहाल लोक अडवून लुटत होते तेव्हा स्टँडिंग टुगेदरचे ज्यू आणि अरब कार्यकर्ते रस्त्यावर जाऊन ट्रकच्या आणि त्या जमावाच्या मधे उभे राहिले. हँड इन हँडच्या शाळांत वर्गात दोन शिक्षक असतात, एक हिब्रूत आणि एक अरबीत बोलणारे, मुलं दोन्ही भाषांत भांडायला शिकतात.

पैसे द्यायचे असतील तर थोडे पण नियमित द्या, आणि आधी त्या संस्थेचं काम दोन्ही भाषांतल्या लोकांना दिसतंय का ते बघा. राजकारणी लोकांना लिहायचं असेल तर 'शांतता व्हावी' असं लिहू नका, एक कलम आणि एक तारीख घेऊन लिहा. मागायची एक चांगली गोष्ट सांगते: आयर्लंडसाठीचा आंतरराष्ट्रीय निधी १९८६ मधे सुरू झाला, उत्तर आयर्लंडचा शांतता करार १९९८ ला झाला, म्हणजे माणसांना एकत्र आणायचं काम १२ वर्षं आधी सुरू होतं. इथेही तसा निधी असावा अशी मागणी बरीच वर्षं चालू आहे, आणि अमेरिकेच्या संसदेने २०२० च्या शेवटी ५ वर्षांसाठी २५ कोटी डॉलर त्या दिशेने मंजूर पण केले होते. दोन-तीन लढाऊ विमानांच्या किमतीशी ताडून बघा, फार नाहीत.

बोलताना एक पथ्य पाळा. समोरच्याचं माणूस गेलं असेल तर 'पण त्या लोकांनी आधी' हे वाक्य त्या वेळी उच्चारू नका. आणि नेतान्याहूंच्या सरकारने केलं त्याचा जाब ओळखीच्या ज्यू माणसाला, किंवा हमासने केलं त्याचा जाब ओळखीच्या मुसलमानाला विचारू नका, तो त्यांचा हिशोब नाही.

आणि एक साधी वही करा. तीन रकाने: कलम, तारीख, झालं का. दर तीन महिन्यांनी उघडून भरायची. वसाहतींच्या नव्या बांधकामाचे आकडे पीस नाऊ ही इस्रायली संघटना नियमित छापते, गाझात किती ट्रक गेले ते संयुक्त राष्ट्रांकडून कळतं, परवान्यांचं आणि फाटकांचं गिशा आणि बेत्सेलेम या इस्रायली संस्था आणि अल-हक ही पॅलेस्टिनी संस्था सांगतात. माझ्या वहीत सध्या ३१ डिसेंबर २०२७ ही तारीख लाल पेनाने लिहिलेली आहे, तिच्या खालच्या ओळीत 'राष्ट्र' असं लिहिलंय आणि त्याच्या तारखेचा रकाना रिकामा आहे, त्या रकान्यासाठी मी दर तीन महिन्यांनी एक पत्र पाठवते.